आईची फाईल मिळवताना आलेला अनुभव

सख्खी मुलगी आहे मी. ॲडमिट मी केलं, रात्री बाकावर मी झोपले, आणि रेकॉर्डच्या खिडकीवर विचारतात पेशंटची सही कुठंय? सेकंड ओपिनियनची अपॉइंटमेंट दोन दिवसांवर आलेली, आठवलं की अजून डोकं तापतं.

नियम बरोबर आहे हे मला मान्य आहे. आई शुद्धीवर होती, तिला सगळं कळत होतं, मग फाईल कुणाला द्यायची ते तीच ठरवणार, नुसतं नातं दाखवून भागत नाही. माझा राग वेगळाय, सगळं एकदाच का सांगत नाहीत? आधी म्हणाले संमतीपत्र आणा. आणलं, तर 'सर्व कागद द्यावेत' असं चालत नाही म्हणे, कुठल्या ॲडमिशनचे, कुठले रिपोर्ट, कुणाला आणि कशासाठी ते लिहा. तेही लिहिलं तर सही जुळेना. सलाईन लावलेल्या हाताची सही जुळेल कशी? मग तिसऱ्या फेरीला सांगितलं की अंगठा चालतो, दोन साक्षीदार आणा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं ना!

तो दुसरा कागद लिहिताना आई म्हणाली, "ह्याच वेळचे माग, जुनी फाईल नको." का विचारलं तर गप्प बसली. लागलं मला ते, पण तसंच लिहिलं. अजून विचारलेलं नाही.

रांगेत एक काकू होत्या, त्यांचे मिस्टर गेलेले तरी फाईल मिळेना. पेशंट गेल्यावरही गुपित राखायचं असतं, डॉक्टरांच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत १९६८ साली तसे शब्दच घातलेत. त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचे कागद मागत होते.

हां, स्कॅनची सीडी वेगळी मागा, फाईलला बहुतेक नुसता रिपोर्ट लावलेला असतो आणि दुसऱ्या डॉक्टरांना स्वतः इमेज बघायच्या असतात. आणि हे खरं तर ॲडमिट करतानाच करायला हवं होतं, पेशंटलाच डॉक्टरांसमोर सांगायला लावा की माझ्या मुलीशी बोला, आणि तशी केस पेपरवर नोंद करून घ्या.

शेवटी अपॉइंटमेंटच्या दिवशी सकाळी कॉप्या मिळाल्या. तिथंच उभं राहून प्रत्येक पानावरचं नाव बघितलं, तर तीन पानं दुसऱ्याच बाईंची! वाचली नाहीत, उलटी धरून परत दिली आणि आईची कुठायत ती शोधून द्या म्हणून खिडकीवरून हलले नाही.