बीपी उजव्या हातात घ्या

माझा धाकटा भाऊ टोमॅटोचा टेम्पो घेऊन संगमनेरहून नारायणगावच्या मार्केटला निघाला होता. आळेफाट्याच्या अलीकडे पुढचा ट्रक एकदम थांबला आणि स्टिअरिंग त्याच्या छातीत बसलं.

मी पोहोचले तेव्हा तो बोलत होता. उजवी मांडी मोडली होती, पण शुद्ध होती. पहिल्या दवाखान्यात पाय बांधला, छातीला मुका मार आहे, सकाळी बघू, असं सांगितलं. तो मात्र सारखा म्हणत होता, "ताई, पाठीत दुखतंय, दोन्ही खांद्यांच्या मधे." मी पुन्हा जाऊन सांगितलं, तेव्हा रात्रीच्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी एक्स-रे परत उजेडासमोर धरला. "छातीतली मधली सावली रुंद वाटतेय. पुण्याला हलवा, आत्ता." त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुण्यात सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी झाली आणि महाधमनी, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटल्याचं कळलं. सर्जननी लॅबच्या चिठ्ठीमागे काठीच्या मुठीसारखा बाक काढून दाखवला. हृदयाजवळचा भाग हलता असतो, पाठीच्या कण्यालगत उतरणारा भाग जागेवर बांधलेला. गाडी जोरात थांबली की ताण नेमका त्यांच्या सांध्यावर येतो, डाव्या हाताची धमनी निघते तिथून जरा पुढे. भावाच्या धमनीचे आतले थर फाटले होते आणि रक्त फक्त बाहेरच्या पातळ थराने अडवून धरलं होतं. ग्रेड ३ म्हणाले. ४ म्हणजे फुटलेलीच. अशी जखम झालेले बहुतेक जण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

मार्ग दोन होते. एक, डावी बाजू फासळ्यांतून उघडायची, धमनी चिमट्याने बंद करून कृत्रिम नळी शिवायची. त्यात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडायची भीती मोठी. दुसरा, जांघेतल्या धमनीतून मिटलेला स्टेंट, म्हणजे धमनीला आतून आधार देणारी नळी, वर न्यायचा आणि फाटलेल्या जागी आतून उघडायचा. भीती तिथेही होतीच, पण कमी. पुढे मी वाचलं, की खारकीव्हचे सर्जन निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत असा स्टेंट पहिल्यांदा बसवला, तोही अपघातातल्या जखमेसाठीच.

भावाची धमनी २२ मिमीची, त्याला स्टेंट २४ मिमीचा हवा होता. तो मुंबईहून सकाळी येणार होता. एकट्या स्टेंटचे साडेचार लाख. हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली, ती मर्यादा याला लागू नाही. वहिनीने बांगड्या पतसंस्थेत ठेवल्या, बाकीचे मी जमवले.

ती रात्र सगळ्यात कठीण गेली. वरचं बीपी १२० च्या आत ठेवायचं, नाहीतर तो पातळ थर टिकणार नाही. सलाईनमधून औषध चालू होतं, तरी मालाची आठवण झाली की त्याचा आकडा चढायचा. १२६. १३१. सिस्टर म्हणाल्या, त्याला शांत करा. मी चुलतभावाला फोन लावून विचारलं आणि भावाच्या कानाशी जाऊन सांगितलं, "सगळे क्रेट दुसऱ्या गाडीत भरले, मार्केटला पोहोचले." आकडा हळूहळू ११४ वर आला. इतका वेळ मी परीक्षेच्या निकालाकडेही कधी डोळे लावले नव्हते.

ऑपरेशनला दीड तास लागला. आधी सर्जननी मला तो स्टेंट चित्रात दाखवला होता. नायटिनॉलच्या तारेची नागमोडी कडी आणि त्यावर पॉलिएस्टरचं कापड, अगदी शिवलेल्या बाहीसारखा. भूल उतरली तेव्हा पहिलं वाक्य "पायाची बोटं हलवा" हे होतं. डाव्या पायाचा अंगठा हलला, मग बाकीची बोटं. मोडलेल्या पायाचीही थोडी हलली. वहिनी तिथेच खाली बसली. मांडीत रॉड दोन दिवसांनी घातला.

एक गोष्ट आम्हाला आधीच समजावली होती. जखम डाव्या हाताच्या धमनीला इतकी चिकटून होती, की स्टेंट नीट बसण्यासाठी त्या धमनीचं तोंड झाकावं लागलं. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा त्याआधी तपासून घेतला होता. हाताला आता आडवाटेने रक्त जातं. मनगटाची नाडी बारीक लागते आणि क्रेट सलग उचलले की डावा हात लवकर भरून येतो.

सीटी एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने झाली. स्टेंट जागेवर आहे, गळती नाही. आता दर वर्षी जायचं आहे. तो अवघा ३४ वर्षांचा आहे, म्हणून ही तारीख मी स्वतः कॅलेंडरवर लिहिते.

मागच्या महिन्यात तापासाठी गावच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरनी डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून घाबरल्याच, वरचं ८८. सिस्टर डॉक्टरांना हाक मारणार, तेवढ्यात भावाने खिशातून घडी घातलेला डिस्चार्जचा कागद काढला आणि उजवी बाही वर केली.