देवगडच्या पश्चिमेला, पाखरांच्या मुलखात

जून-जुलैत मोठं वादळ होऊन गेलं की कोकणच्या किनाऱ्यावर कुठे ना कुठे एखादं भलंमोठं पांढरं पाखरू वाळूवर बसलेलं सापडतं. पंखांच्या मागच्या कडा काळ्या, चोच जाड आणि टोकदार, चेहऱ्यावर काळा मुखवटा. हा मास्क्ड बूबी. भोवती पोरांचं रिंगण, थोड्या अंतरावर कुत्री. ‘उडता येत नाही बिचाऱ्याला,’ असं म्हणत लोक फोटो काढतात. खोल समुद्रातल्या पाखरांशी आपली ओळख होते ती अशी, ती मरायला टेकलेली असताना. मला ती त्यांच्या घरी बघायची होती. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस देवगडच्या एका ट्रॉलरवर, तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, होकार दिल्यावर, बंदरावर रीतसर नोंद करून चढलो.

बोटीवर तांडेलांना सगळे तात्या म्हणतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून, नारळी पौर्णिमेचा नारळ वाहून बोटी लागोपाठ फेऱ्या मारत होत्या. पहाटे जाग आली तेव्हा जमीन कुठेच नव्हती. वारा पडलेला होता, पण लांबलांब लाटा बोटीला संथपणे उचलून खाली ठेवत होत्या.

इथला दिवस घड्याळावर चालत नाही, जाळ्यावर चालतो. जाळं सोडलं की दोन-तीन तास ते ओढत राहायचं. तेवढ्या वेळात कुणी केबिनमागच्या सावलीत आडवा होतो, कुणी फाटलेलं जाळं विणत बसतो, कुणी भात लावतो. मग विंच कुरकुरायला लागते, फळ्या वर येतात आणि झोपलेला माणूस हाक न मारताच उठून उभा राहतो. मासळी डेकवर ओतली की निवडणं सुरू. कोळंबी एकीकडे, म्हाकूल एकीकडे, राणीमासा वेगळा. निवडलेली मासळी बर्फात जाते, मोडकीतोडकी आणि बारीकसारीक पाण्यात. खलाशांचे हात या कामात इतके सराईत असतात की गप्पा थांबत नाहीत आणि काटाही टोचत नाही. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात. तितकं ताजं जेवण जमिनीवर मिळणं कठीण.

पाखरांनाही विंचेचा आवाज कळतो. त्याआधी समुद्र अगदी रिकामा वाटत होता, आणि जाळं वर येईपर्यंत मागे सुरयांची, म्हणजे टर्न पक्ष्यांची, झुंबड. त्यात मोठे तुरेवाले सुरय सगळ्यात धीट. त्यांच्या पाठोपाठ स्कुआ आला. काळपट, छातीचा भक्कम. तो पाण्याकडे बघतच नव्हता. चोचीत मासा असलेला एक सुरय त्याने हेरला आणि वळणावळणाने असा पिटाळला की सुरयाने मासा टाकला. तो पाण्याला लागायच्या आत स्कुआच्या चोचीत होता. आमच्यातला एक तरुण खलाशी खुशीत ओरडला, “ह्यो बघा दादा, ह्यो आमचो दलाल!”

बोटीला न विचारता आपल्या कामात असलेली पाखरं मला जास्त आवडली. वाहत आलेल्या एका ओंडक्यावर करड्या पाठीचे दोन ब्रायडल्ड टर्न बसले होते, त्यातलं एक यंदाचं पिल्लू असावं. ही जात आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर, दीपगृहाच्या त्या खडकांवर, वीण करते. पक्षितज्ज्ञ हुमायूं अब्दुलअलींनी १९४२ साली तिथल्या सुरयांवर आणि गुहांमधल्या पाकोळ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. म्हणजे त्या ओंडक्यावरची जोडी कदाचित माझीच शेजारी, सिंधुदुर्गातली.

आणि मग ते एक बारकंसं काळं पाखरू, कमरेवर पांढरा पट्टा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. लाटेच्या अंगाला पंख पसरून, पाय पाण्यावर टपटप आपटत ते अक्षरशः चालत होतं आणि पृष्ठभागावरचं काही टिपत होतं. याची वीण होते अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यांवर आणि भोवतालच्या बेटांवर. तिथल्या हिवाळ्यात ते विषुववृत्त ओलांडून आपल्या अरबी समुद्रात येतं. त्याच सकाळी, दोन प्रवाह भेटतात तिथल्या फेसाच्या रेघेवर, रेड-नेक्ड फॅलरोपचा थवा गिरक्या घेत होता. तो आर्क्टिकच्या टुंड्रातून आलेला. पृथ्वीच्या दोन टोकांची पाखरं देवगडच्या पाण्यात एकाच सकाळी जेवत होती. हे बघताना माझे डोळे भरून आले.

तात्या पाखरांना नावांनी ओळखत नाहीत, पण वाचतात. दूरवर सुरय वरखाली झेपा घेताना दिसले तसं त्यांनी सुकाणू किंचित वळवलं. “पाखरां थंय भिरभिरतत, म्हणजे खाली गेदर असतलो. तो बारको मासो वर ढकलता.” गेदर म्हणजे ट्यूनाच्या जातीचा मासा. फिशफाइंडरचा पडदा समोर चालूच होता, पण आधी नजर गेली ती आभाळाकडे.

गोडं पाणी पिंपात मोजून ठेवलेलं, पिण्यापुरतं आणि भातापुरतं. अंघोळ खाऱ्या पाण्याची. संध्याकाळी अंगावर मीठ चरचरत असताना त्या पाखरांचा खरंच हेवा वाटला. त्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जादा मीठ वेगळं काढतात आणि ते नाकपुड्यांवाटे ठिबकून जातं. म्हणून समुद्र हेच त्यांचं पिण्याचं पाणी. त्यांना जमीन लागते ती फक्त अंड्यांसाठी.

सपाट वाळूवर सापडलेला बूबी उडत नाही तो बहुधा उपाशी आणि थकलेला असतो. त्याला पुन्हा लाटांत ढकलू नका. घशात पाणी किंवा मासा कोंबू नका. वर कापड टाकून, त्या चोचीपासून आपले डोळे सांभाळून, हवेची भोकं असलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. येत्या पावसाळ्यासाठी मी हे देवगड आणि कुणकेश्वरच्या ओळखीच्या प्रत्येक घरात सांगून ठेवलं आहे.