सरांनी दिलेला शाडूचा गोळा

सातवीत मधल्या सुट्टीत कुणीतरी माझा कंपास मोडला आणि ज्याच्यावर संशय आला त्याला मी बदडलं. (त्याचा काही दोष नव्हता, हे नंतर कळलं. तो हे वाचत असेल तर, माफ कर रे.) वर्गाबाहेर उभं केलं होतं. चित्रकलेचे सर तिथून जात होते. काही न विचारता हाताला धरून त्यांनी मला गणपतीसाठी आणलेल्या शाडूच्या पोत्यापाशी नेलं. "चिडलायस ना? मग चिडलेला माणूस कर."

मी गोल डोकं केलं, वाकड्या भुवया कोरल्या. सर म्हणाले, "राग तोंडावर नंतर येतो. आधी स्वतःची मूठ बघ." ती आवळलेलीच होती.

हल्ली नोकरीमुळे ऑस्लोत राहतो. इथल्या एका मोठ्या बागेत गुस्ताव व्हीगेलान या शिल्पकाराची दोनशेहून जास्त शिल्पं उघड्यावर आहेत. १९२१ साली त्याचा पालिकेशी करार झाला: पालिकेने स्टुडिओ द्यायचा, त्याने आपलं सगळं काम शहराला द्यायचं. पुलावर ब्राँझचे ५८ पुतळे आहेत, पण गर्दी एकाभोवतीच. मीटरभरही उंच नसलेला नागडा पोरगा, पाय आपटायला उचललेला, तोंड वासलेलं, मुठी घट्ट. इथले लोक त्याला 'सिन्नाताग्गेन', म्हणजे चिडका पोरगा, म्हणतात. माझी आजी 'जमदग्नी' म्हणाली असती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नजर आधी मुठींवरच गेली. डावा हात येणाऱ्याजाणाऱ्यांनी धरून धरून पिवळाधमक झालाय, बाकी अंग काळपट. चोरांनाही तो आवडतो: एकदा पळवला होता, आणि २०२१ मध्ये कुणीतरी पायापाशी करवत चालवली. दुरुस्त होऊन परत उभा राहिला, तसाच चिडलेला.

व्हीगेलान आधी मातीत घडवायचा, मग प्लास्टर, मग ब्राँझ. त्याच्या स्टुडिओचं आता संग्रहालय झालंय, तिथे प्लास्टरच्या मूळ प्रती दिसतात. पुलापेक्षा मी तिथेच जास्त रेंगाळतो.

माझा शाडूचा माणूस वाळताना मानेपाशी तडकला होता. तरी मी दहावी होईपर्यंत सरांनी तो चित्रकलेच्या खोलीत कपाटावर ठेवला. मागे शाळेत आलो तेव्हा तिथे नवं लोखंडी कपाट होतं. जुन्याचं काय झालं, ते विचारायचं राहूनच गेलं.