तुम्ही विचारलंत म्हणून: एंटर मारलं की पुढच्या बॉक्सात जाता येईल का?

मी वेबवरचे साधे फॉर्म बनवून देते, पतसंस्था, शाळांची ऑफिसं, हिशेब लिहिणारी मंडळी अशांसाठी, आणि फॉर्म दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एंटर मारलं की कर्सर पुढच्या बॉक्सात जाईल ना?" डेव्हलपर मित्र तेच उलटं विचारतात, की टॅब आहे ना त्यासाठी, लोकांना टॅब शिकव, स्क्रिप्ट कशाला हवी? दोघांना एकदाच नीट उत्तर देते.

हो, जाता येतं. आणि फॉर्म दिवसभर एंट्री करणाऱ्या माणसासाठी असेल तर ही सोय द्यायलाच हवी, याबद्दल मला जराही शंका नाही.

ज्यांचा हात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलाय त्यांच्यासाठी एंटर म्हणजे पुढे. व्हाउचरच्या शेवटापर्यंत एंटर एंटर करत जायचं, शेवटी ते स्वीकारू का म्हणून विचारतं तेव्हा परत एंटर. आणि ही नुसती सवय नाहीये हो, आकडे टाकणाऱ्याचा उजवा हात न्यूमेरिक पॅडवर असतो, तिथलं एंटर करंगळीखालीच, आणि डावा हात पावत्यांच्या गठ्ठ्यावर, कुठल्या ओळीवर आहोत ते बोटाने धरून. टॅब कुठे तर कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला. दर रकमेनंतर ते बोट उचलायला लावलं की ओळ चुकणार. वर ब्राउझरचा स्वभाव असा की एका ओळीच्या बॉक्सात एंटर मारलं की तो अख्खा फॉर्मच सबमिट करतो, म्हणजे सवयीने मारलेल्या एका एंटरने अर्धी पावती सेव्ह. हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात त्या माणसाची काही चूक नसते आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात.

स्क्रिप्ट छोटी आहे. फॉर्मवर एकच कीडाउन, म्हणजे कळ दाबल्याचा इव्हेंट, ऐका, कळ एंटरची असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट या आज्ञेने सबमिट थांबवा, फॉर्मच्या एलिमेंट्सच्या यादीत आत्ताचा बॉक्स शोधा आणि त्याच्या पुढच्यावर फोकस, म्हणजे कर्सर, न्या, शिफ्टबरोबर एंटर आलं तर मागच्यावर. पॅडवरचं एंटर आणि मोठं एंटर दोन्ही यात येतात. पण ती यादी जशीच्या तशी वापरू नका, तिच्यात न दिसणारे हिडन इनपुट असतात, डिसेबल केलेले असतात, बॉक्सांचा गट करणारा फील्डसेटसुद्धा असतो, आणि रेडिओचे, म्हणजे अनेकांतून एकच निवडायच्या गोल बटणांचे, पर्याय तिथे सुटे सुटे मोजले जातात, त्यामुळे "रोख" निवडून एंटर मारलं की फोकस "चेक"वर जाऊन बसतो. म्हणून त्याच नावाचे रेडिओ ओलांडायचे. शेवटच्या बॉक्सानंतर "सेव्ह" बटण, आणि बटणावर असताना एंटरला हात लावायचा नाही, अनेक ओळींच्या बॉक्सात, म्हणजे टेक्स्टएरियातही नाही, पत्ता लिहिताना एंटर म्हणजे नवी ओळच हवी. टॅब आहे तसाच चालू द्या.

मराठीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण फक्त इंग्रजीत फॉर्म तपासणाऱ्यांना ती दिसतच नाही. फोनेटिक कीबोर्डवर नाव टाइप करताना पर्यायांची यादी उघडी असते आणि माणूस एंटर मारतो तो शब्द पक्का करायला, तेच एंटर आपली स्क्रिप्ट पकडते आणि कर्सर पळवते. इव्हेंटवर इजकंपोझिंग, म्हणजे शब्द अजून जुळवला जातोय का, ही प्रॉपर्टी असते, ती ट्रू असेल तर स्क्रिप्टने काही करायचं नाही. सफारी ब्राउझरमध्ये ही जुळवणी संपल्याचा इव्हेंट त्या कीडाउनच्या आधीच येतो, म्हणून तिथे कळीचा क्रमांक, म्हणजे कीकोड, २२९ आहे का तेही बघायचं. अंकांचंही तसंच, पिनकोड देवनागरी अंकांत आला की जावास्क्रिप्टमधला अंक ओळखायचा नेहमीचा पॅटर्न तो चुकीचा ठरवतो, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, देवनागरी अंक ओळीने लागून आहेत, एका वजाबाकीत बदलतात, ते काम आपणच करावं ना, माणसाला कीबोर्ड बदलायला का लावायचं?

सगळ्या जनतेसाठीच्या फॉर्मवर मात्र एंटरचा अर्थ बदलू नका. तिथे येणाऱ्याला ब्राउझरची नेहमीची वागणूकच अपेक्षित असते, एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तर जास्तच.

कीबोर्डवर काम करणाऱ्याला अडवणारी आणखी एक गोष्ट, जिल्हा निवडला की अख्खं पान रीलोड करून तालुके दाखवणारे फॉर्म आठवा. विंडोजवर बंद ड्रॉपडाउनमध्ये खालचा बाण दाबला की दर पर्यायाला चेंज इव्हेंट येतो, म्हणजे अहिल्यानगरवरून अकोल्यावर आलात की लगेच रीलोड, फोकस पानाच्या वर, परत टॅब मारत खाली या, परत बाण. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, यवतमाळच्या माणसाने काय करायचं? स्क्रिप्टने फक्त तालुक्यांची यादी मागवा आणि फोकस जिल्ह्यावरच राहू द्या.

आधारचे चार-चार अंकांचे तीन बॉक्स करून आपोआप उडी मारायला लावतात तेही मला पटत नाही. ती उडी कीअपवर, म्हणजे कळ सुटल्याच्या इव्हेंटवर, लावलेली असली तर अंक सुधारायला शिफ्ट-टॅबने मागे गेलेल्या माणसाची कळ मागच्या भरलेल्या बॉक्सातच सुटते आणि स्क्रिप्ट त्याला परत पुढे ढकलते, बिचाऱ्याला मागे जाताच येत नाही. कीअपऐवजी बॉक्सातला मजकूर बदलला तरच येणारा इनपुट इव्हेंट घेतला तर हे थांबतं, पण कॉपी करून आणलेला नंबर तरीही पहिल्या बॉक्सात तुटतो. एकच बॉक्स द्या, स्पेस टाकून लिहू दे नाहीतर पेस्ट करू दे, सेव्ह करताना स्पेस काढायला स्क्रिप्टची एक ओळ पुरते.