पॉलिनेशियनमधला नवा टॉवर आणि आमच्या घरातला वाद

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही सगळे, म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि त्यांची सात वर्षांची मुलगी, फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला जाऊन आलो. पाच दिवस होतो. तिथल्या थीम पार्कांपैकी मॅजिक किंगडम दोनदा, एपकॉट एकदा, राइड्स, रांगा, फोटो, सगळं झालं, त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते तिथल्या पॉलिनेशियन व्हिलेज रिसॉर्टमध्ये, म्हणजे डिस्नेच्याच एका हॉटेलात, उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरबद्दल, कारण त्यावरून मी आणि माझा दीर पाचही दिवस वाद घालत होतो आणि घरी येऊन एवढे दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

आधी हे सांगायला हवं की याच रिसॉर्टमध्ये आम्ही २०१२ साली राहिलो होतो. तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, होते. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून दिराने सगळं ठरवलं होतं. हे रिसॉर्ट मॅजिक किंगडमच्याच दिवशी उघडलं, १ ऑक्टोबर १९७१ ला. मध्ये ग्रेट सेरेमोनियल हाउस नावाची उतरत्या छपराची मुख्य इमारत, भोवती झाडीत दोन-तीन मजली लाँगहाउस, प्रत्येकाला पॅसिफिकमधल्या बेटाचं नाव, आणि समोर सेव्हन सीज लगून नावाचं मोठं तळं. हे लगूनही खणून केलेलं आहे, त्यातून निघालेली माती मॅजिक किंगडमखाली भराव म्हणून घातली. तेव्हा लॉबीत शिरलं की समोर धबधबाच होता, खडकांवरून खरं पाणी पडायचं आणि चारी बाजूंनी एवढी झाडं की आत आल्यावर चष्म्यावर वाफ यायची. बाबा तिथे सामान खाली ठेवून उभेच राहिले होते. म्हणाले, "हा वास बघा, पहिल्या पावसात आंबोली घाटात येतो तसा." २०१४ मध्ये तो धबधबा काढून टाकला. आता तिथे छोटं कारंजं आणि माउईची, म्हणजे पॉलिनेशियन दंतकथांमधल्या वीराची, मूर्ती आहे, लॉबी मोकळी आणि उजेडाची झालीय, पण तो वास गेला तो गेलाच.

पण त्या वेळचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर उंची. म्हणजे उंची नसणं. संध्याकाळी वाळूत बसून मागे बघितलं की आधी माड दिसायचे आणि माडांच्या आड कुठेतरी छपरं. आपण हॉटेलात आहोत हे डोळ्यांना कळायचंच नाही. समोर पाण्यापलीकडे कंटेम्पररी या दुसऱ्या हॉटेलाची काँक्रीटची उंच त्रिकोणी इमारत दिसायची, जिच्या पोटातून मोनोरेल, ती एका रुळावरची गाडी, जाते, ती उंचच शोभते, तिची कल्पनाच तशी आहे. डावीकडे ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलची लाल छपरं. आणि आपण या किनाऱ्यावर झाडांच्या खाली. एकाच तळ्याच्या काठावर प्रत्येकाचं वेगळं जग, आणि एकाने दुसऱ्याच्या जगात डोकवायचं नाही, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

आता टॉवर. मार्च २०२२ मध्ये त्याची घोषणा झाली आणि चित्रं बाहेर आली तेव्हापासूनच लोक चिडलेले होते, इतकी साधी सपाट इमारत पॉलिनेशियनमध्ये कशाला म्हणून. १७ डिसेंबर २०२४ ला उघडला. दहा मजले, २६८ खोल्या, नाव आयलंड टॉवर. माझा दीर टँपाला राहतो आणि त्याच्याकडे डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट्स आहेत, म्हणजे एखाद्या रिसॉर्टमध्ये विकत घेतलेला हिस्सा, ज्यावर दरवर्षी काही दिवस राहता येतं, त्याने ते जुन्या पॉलिनेशियनचे म्हणून दुसऱ्या मालकाकडून घेतले होते. त्याला दोन वर्षं एकच धास्ती, की टॉवरच्या हिस्सेदारांची असोसिएशन वेगळी काढली तर आपले पॉइंट्स तिथे चालणार नाहीत. पण टॉवर जुन्यातच सामील केला, करार तोच, २०६६ पर्यंतचा, आणि त्या दिवशी त्याचा मला फोन आला तेव्हा आवाज असा की कुणाला सरकारी नोकरी लागली असावी. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. टॉवरसाठी त्याने खोल्या खुल्या होण्याची वाट बघत किती दिवस कॉम्प्युटरसमोर काढले ते त्यालाच माहीत, पण शेवटी सहा माणसांसाठी दोन बेडरूमचं व्हिला मिळवलं, सातव्या मजल्यावर, लगूनकडे तोंड करून.

माझं मत पहिल्याच संध्याकाळी झालं. मोनोरेल पॉलिनेशियन सोडून ग्रँड फ्लोरिडियनकडे निघते तेव्हा खिडकीतून माड, माड, लाँगहाउसची तपकिरी छपरं, आणि मग एकदम तो. पांढुरका, रुंद, बाल्कन्यांच्या रांगा. मला त्यात कुठलंच बेट दिसलं नाही. कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर, कुठल्याही शहरात अशी इमारत असू शकते, आणि मला त्रास त्याचाच झाला. वाईट बांधली असती तर मी समजून घेतलं असतं. चांगली बांधली आहे, स्वच्छ आहे, आतून तर सुंदरच आहे. फक्त ती तिथली नाही.

दुसऱ्या रात्री फटाके बघायला आम्ही खाली वाळूत बसलो होतो. तिथे पार्कमधलं संगीत स्पीकरवर लावतात, त्यामुळे गर्दीत न जाता सगळं ऐकू येतं, पॉलिनेशियनचं हे सुख अजून आहे. आई खुर्चीवर, पुतणीच्या हातात डोल व्हिप, ते अननसाचं आइस्क्रीम, ते कोपरापर्यंत ओघळलेलं. मी मागे वळून बघितलं आणि तोंडातून निघूनच गेलं, की अरे, याच्यामुळे आकाशच राहिलं नाही.

दीर लगेच म्हणाला, "वहिनी, तू मागे कशाला बघतेस? फटाके पुढे आहेत."

मग सुरू झालं ते तासभर. त्याचं म्हणणं असं, की पॉलिनेशियनचा अगदी पहिला आराखडा साठच्या दशकात केला त्यातसुद्धा उंच टॉवर होता, तो बांधला नाही एवढंच, मग आत्ता बांधला तर परंपरा कुठे मोडली. हे खरं आहे, मी नंतर जुनं चित्र बघितलं. पण मला वाटतं तो आराखडा बाजूला ठेवून ठेंगणी लाँगहाउस बांधली म्हणूनच ती जागा लोकांच्या मनात पन्नास वर्षं राहिली. जे टाकून दिलं होतं त्याचा दाखला देऊन जे ठेवलं होतं ते बिघडवायचं, हे मला पटत नाही.

मग त्याने वायकिकी काढलं. "हवाईला गेलीयेस ना तू? होनोलुलूत काय झोपड्या आहेत? किनाऱ्यावर सगळे टॉवरच." याला उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. कारण खरंच आहे, वायकिकीच्या किनाऱ्यावर असेच टॉवर आहेत. पण आम्ही वायकिकी बघायला ऑरलँडोला आलो नव्हतो ना. खरी बेटं खरी असतात, तिथे लोक राहतात, नोकऱ्या करतात, त्यांना जे लागेल ते ते बांधतील. इथे सगळं कल्पनेवर उभं आहे, इथली एकच कमाई म्हणजे ती कल्पना मोडू न देणं. आणि ते डिस्नेला येतं, हेच माझं दुखणं आहे. टॉवर ऑफ टेरर नावाची राइड बांधली, १९९४ साली, दुसऱ्या पार्कमध्ये, जुन्या पडक्या हॉटेलच्या रूपात, तर तो टॉवर एपकॉटमधून तिथल्या मोरोक्को देशाच्या विभागामागे दिसतो म्हणून त्याच्या माथ्याचा आकार आणि रंग मोरोक्कोच्या इमारतींना जुळवून घेतले. उंची १९९ फूट ठेवली, कारण २०० झाली की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो आणि जुन्या हॉटेलवर तसला दिवा कसा दिसेल. इतका विचार करणारी माणसं आहेत ही! मग या किनाऱ्यावर का नाही केला तेवढा विचार?

"आणि एपकॉटमधूनच स्वान आणि डॉल्फिन हॉटेलं दिसतात, ती?" दीर म्हणाला. "ती १९९० पासून दिसतायत. तेव्हाही लोक ओरडले. आता कुणाच्या लक्षातही येत नाहीत."

माझ्या लक्षात येतात, मी म्हटलं. दरवेळी येतात.

जाऊ म्हणाली, आता बास करा, फटाके संपले. आणि खरंच संपले होते. आम्ही दोघांनी शेवटची पाच मिनिटं बघितलीच नाहीत, याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहिते. आईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. टॉवरमध्ये लिफ्टने वर आलं की घर, आत अख्खं स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन. आई बॅगेतून मुगाची डाळ, तांदूळ आणि गोडा मसाला घेऊन आलेल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी सातव्या मजल्यावर खिचडी टाकली आणि आम्ही सगळे बाल्कनीत ताटं घेऊन बसलो, समोर पाण्यापलीकडे सिंड्रेलाचा किल्ला. १८९ फुटांचा तो किल्ला एवढ्या लांबून करंगळीएवढा दिसतो. पाच दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण ते. २०१२ च्या लाँगहाउसच्या खोलीत हे जमलं नसतं, आणि सहा माणसं एका छपराखाली तर नाहीच. दीर माझ्याकडे बघत होता, मी काही बोलते का म्हणून. मी खिचडी वाढून घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले तर आई बाल्कनीत आधीच येऊन उभ्या. कठड्याला धरून खाली बघत होत्या. किल्ल्याकडे नाही, सरळ खाली, पूलच्या बाजूला. मी शाल घेऊन गेले तर म्हणाल्या, "अगं, तो नाच होता ना, आगीचा, तो कुठे झाला होता गं?"

मला एकदम कळेचना काय बोलावं. कारण मला माहीत होतं. २०१२ मध्ये आम्ही स्पिरिट ऑफ अलोहा हा नाचगाण्यांचा शो बघायला गेलो होतो, लुआऊ कोव्हमध्ये, उघड्यावरचं थिएटर होतं ते. तो शो मार्च २०२० मध्ये कोविडमुळे बंद झाला तो पुन्हा सुरू झालाच नाही, आणि ती जागा पाडून त्यावरच हा टॉवर उभा केलाय. आम्ही तीन दिवस त्याच जागेवर झोपत होतो.

त्या रात्री लग्नाचा वाढदिवस असलेल्या जोडप्यांना पुढे बोलावलं होतं. आई लाजून बसून राहिल्या. बाबा गेले. एकटेच. पांढरा सदरा, गळ्यात तो फुलांचा हार, आणि हात असे लाटांसारखे हलवायचे तर त्यांचे हात आरती ओवाळल्यासारखे गोल गोल फिरत होते, ती नाचणारी मुलगी त्यांना परत परत दाखवतेय आणि ते तितक्याच मनापासून परत गोल फिरवतायत. जन्मात कधी नाचले नव्हते. आई पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांत पाणी.

मी आईंना म्हटलं, "आई, इथेच. आपण उभ्या आहोत ना, याच्या खालीच."

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला खाली ने."

दीर उठला होता, त्यानेही ऐकलं असावं, चप्पल घालून तोही आला. मागोमाग पुतणी, झोपेतच. आम्ही चौघं खाली उतरलो. पूल अजून उघडला नव्हता, कुणीतरी खुर्च्या सरळ करत होतं. आई लगूनकडे बघत हळूहळू चालत होत्या, मध्येच थांबायच्या, किल्ला कुठे येतो ते बघायच्या, मान हलवायच्या, परत पुढे. एका झाडापाशी थांबल्या. "इथं असेल."

दीर म्हणाला, "नाही आई, अजून थोडं डावीकडे. मी बसलो होतो तिथून बाबा उजव्या हाताला होते आणि पाणी त्यांच्या मागे दिसत होतं." त्याने त्यांचा दंड धरला आणि पाच-सहा पावलं पुढे नेलं. पायाखाली नवी फरशी, कडेला नुकती लावलेली झाडं, अजून काठ्यांना बांधलेली.

पुतणीने बाबांना बघितलेलंच नाही. तिने विचारलं आजोबा कसे नाचले, तर माझ्या दिराने, पंचेचाळिशीच्या माणसाने, तिथे फरशीवर उभं राहून दोन्ही हात गोल फिरवून दाखवले. हुबेहूब. मला माहीतच नव्हतं की त्याला इतकं नीट आठवतं. आई त्याच्याकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही.

वर जाताना लिफ्टमध्ये मी त्याला म्हटलं, ही जागा ठेवायला हवी होती. तो म्हणाला, "हो." एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण टॉवर नसता तर आईला इथे आणणं जमलं नसतं, वहिनी." तेही खरं.

टॉवरबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तो किनारा बिघडलाय, आणि माडांवर काही उंच नाही अशी संध्याकाळ माझ्या पुतणीला तिथे कधी मिळणार नाही. पुढच्या फेब्रुवारीचं बुकिंग मार्चमध्ये उघडतं, म्हणून मी दिराला सांगितलं की या वेळी लाँगहाउस बघ, खोल्या दोन घेऊ, लांब पडलं तरी चालेल, मी आईंना व्हीलचेअरवरून नेईन.

आई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "टॉवरमध्येच घे रे. उतरलं की ती जागा खालीच आहे."