रिकामी सीट

चैत्रोत्सवात आम्हा नाशिकच्या वाहकांची ड्यूटी नांदुरीला लागते. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीची यात्रा. खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीतच अडवतात, पुढचा गडापर्यंतचा दहा किलोमीटरचा घाट एसटीच्या भरवशावर. त्यात चतुर्दशी म्हणजे कहर. त्या रात्री दरेगावचे गवळी-पाटील देवीचा ध्वज घेऊन शिखरावर जातात. कुठल्या वाटेनं चढतात, मला आजवर कळलेलं नाही. ध्वजाची मिरवणूक चुकू नये म्हणून संध्याकाळच्या आत वर पोचायची प्रत्येकाला घाई.

त्या दुपारी धुळ्याकडून पायी आलेली माणसं गाडीत चढली. तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. एका म्हातारीचे पाय इतके सुजले होते, की नातवानं तिला उचलूनच आत घेतलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणजे प्रवास मोफत. मी आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं. एका पोरानं उठून जागा दिली, तर आजी बसेना.

"मना नवस पायी येवाना शे. मी बठाव नही."

नातू चिडला, बायांनी समजावलं. दांडी धरून ती उभीच. बरं, पोरगाही परत बसेना. म्हातारी उभी असताना त्या सीटवर कोण बसणार? दारात माणसं लोंबकळताहेत, पाय ठेवायला जागा नाही, आणि मधोमध एक सीट रिकामी! खालून वाहतूक नियंत्रक ओरडले, "मास्तर, ती सीट कुणासाठी ठेवलीय?" काय सांगणार? डबल बेल दिली.

घाटातल्या वळणांवर मीच जास्त घाबरलो होतो. चालकाला ओरडून सांगितलं, "भाऊ, जरा सांभाळून." एरवी हा गडी वळणावर कुणाचं ऐकत नाही, त्या दिवशी गाडी अशी नेली, की मागचे चालक हॉर्न बडवत राहिले. खरं तर मी तिला बसवायलाच हवं होतं, हे मला कळत होतं. पण जी बाई उन्हातान्हात एवढं चालून आली, तिच्यावर मी कसली सक्ती करणार? एक हात तिच्या पाठीमागं ठेवून दुसऱ्या हातानं मशीन चालवत होतो.

गडावर आजी उतरली. समोर पाचशेच्या आसपास पायऱ्या. नातू पायऱ्यांऐवजी वर नेणाऱ्या ट्रॉलीच्या तिकिटाची चौकशी करून आला आणि हळूच म्हणाला, "आजी, ट्रॉलीमाबी उभं ऱ्हाता येस."

आजीनं त्याच्याकडं असं काही बघितलं, की मी परतीची माणसं भरायला लागलो.