सपाट डब्यांचीही जप्ती

मे महिन्यातल्या एका दुपारी मार्केट यार्डाजवळच्या एका गोदामात अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून आम्ही तपासणीसाठी गेलो, तेव्हा तापलेल्या पत्र्याखाली अननसाच्या कापांच्या डब्यांची थप्पी उभी होती आणि खालच्या थरांतून पाक झिरपून फरशी चिकट झाली होती. एका डब्याचे झाकण अंगठ्याने दाबले, तर ते टक्क करून आत गेले आणि दुसऱ्या बाजूचा तळ बाहेर आला. काही डबे तर दाबूनही दबत नव्हते.

व्यापारी म्हणाला, "साहेब, मुदत संपायला अजून वर्ष आहे. फुगलेले मी बाजूला काढतो, बाकीचा माल राहू द्या."

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) 4.6 च्या खाली असलेल्या आंबट फळांत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंची भीती सहसा नसते आणि आम्लाची धातूशी क्रिया होऊन हायड्रोजन साठला, तरी डबा फुगतो. परंतु गळणाऱ्या डब्यांना खवट लोण्यासारखा वास येत होता. तो ब्युटिरिक आम्लाचा, म्हणजे आत जंतू वाढत असल्याचा संशय घ्यायला पुरेसा होता. आणि डबाबंद करताना जंतू मारण्यासाठी उष्णता देण्यातच कसूर झाली असेल, तर त्याच बॅचमधला आज सपाट दिसणारा डबा उद्या फुगणार नाही, याची हमी कोण देणार? छापील तारखेवरचा हा विश्वास मला नेहमीच अनाठायी वाटतो. ती तारीख डबा नीट बनला आणि नीट ठेवला, असे धरूनच छापलेली असते.

म्हणून 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 38 खाली मी संपूर्ण बॅच जप्त केली. पंचांसमक्ष नमुन्याचे चार भाग न उघडता, बंद डब्यांच्याच रूपात सीलबंद केले आणि त्यांतला एक अन्न विश्लेषकाकडे रवाना केला. गळणारे डबे लेखी नोटीस देऊन नष्ट करवले. उरलेला साठा बंधपत्रावर त्याच्याच ताब्यात ठेवला. पंचनाम्यावर सही करताना त्याचा हात रेंगाळला, पण त्याने सही केली.

विश्लेषकाच्या अहवालाला कायद्याने 14 दिवसांची मुदत असते. तेवढे थांबणे परवडणारे नव्हते, कारण विक्रीच्या बिलांत याच बॅचच्या पेट्या काही बेकऱ्यांना आणि आइस्क्रीमवाल्यांना गेल्याची नोंद होती. संध्याकाळी गोदामातच बसून त्यांची यादी काढली आणि व्यापाऱ्यालाच एकेकाला फोन करून माल थांबवायला सांगितले.